छेरछेऱ्याचे तांदूळ

आमच्या घरातले पैसे कोणाचे, हा प्रश्न लग्नानंतर बरीच वर्षं मला पडलाच नव्हता. मी कमवायचो, बायकोही कमवायची, आणि महिना संपायच्या आत दोघांचेही संपायचे. प्रश्न पडला तो मी घरी बसल्यावर. 'घरी बसल्यावर' हे लोकांचे शब्द. सकाळच्या दुधापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत मी बसतो कधी, ते मलाच शोधावं लागेल. पण पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, सगळे असंच म्हणतात, आणि मी भांडून भांडून थकलो आहे.

झालं होतं असं, की रायपूर शहराबाहेरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. कारखान्याने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. त्याच वर्षी आईही वारली. मुलीला तीच सांभाळायची. बायको सरकारी खात्यात, पण संविदेवर. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये करार संपणार आणि पुढचा होईल की नाही ते कोणीच सांगणार नाही. तरी दोघांत तिचंच बरं चाललं होतं. "तात्पुरता मी घरी राहतो," मी म्हणालो. मुलगी तेव्हा नर्सरीत होती. आता ती तिसरीत आहे आणि मी अजून तात्पुरताच आहे.

घरातली कामं मला लवकर जमली. वरणाची फोडणी, डब्यात काय द्यायचं, कोणत्या वारी पांढरे बूट, सगळं जमलं. जमले नाहीत ते पैसे. बँकेचं खातं दोघांच्या नावावर, पण मेसेज जातो बायकोच्या फोनवर. मी ब्राह्मणपाऱ्यातल्या कोपऱ्यावर पालक घेतला, फोन दाखवून पैसे दिले, की तिकडे नवा रायपूरच्या ऑफिसात तिचा फोन वाजणार. दूध घेतलं, वाजला. पेन्सिल घेतली, वाजला. रायपुरात पाणीपुरीला गुपचूप म्हणतात, पण बापलेकीने गुपचूप खाल्ले तरी ते लपून राहायचे नाहीत.

एक आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला ती कजाग वाटेल. तिने कधी हिशेब मागितला नाही. संध्याकाळी चपला काढता काढता हसून एवढंच म्हणायची, "आज मजा करून राहिले होते वाटते दोघं?" तिच्या मनात काही नसायचं. पण मला ते झोंबायचं. मी उगाच तावातावाने सांगत सुटायचो, की पोरगी हट्ट करत होती, मी तर फक्त दोनच खाल्ले, वगैरे. ती माझ्याकडे बघत राहायची आणि म्हणायची, "मी काही म्हटलं का तुम्हाले?" नव्हतं म्हटलं. मग मला आणखीच राग यायचा, आणि तो कोणावर काढायचा हे न कळून मी कुकर जोरात आपटायचो.

मी कमवत होतो तेव्हा ती काय घेते, कुठे घेते, हे मला कधी ठाऊक नव्हतं. तिलाही तेव्हा असंच वाटत असेल का? विचारावंसं वाटायचं, पण विचारलं नाही. उत्तर 'हो' आलं तरी पंचाईत, 'नाही' आलं तरी पंचाईत.

शेवटी मी एक युक्ती काढली. एटीएममधून एकदाच आठवड्याचे पैसे काढायचे आणि रोखीने खर्च करायचा. मेसेज जाईल, पण एकच जाईल. आणि रोख हातात आली तसे त्यातले थोडे उरायला लागले. ऑटो न करता मुलीला चालत आणलं, उरले. भांडी, कापड, डबे घ्यायला मॉलऐवजी गोल बाजारात गेलो आणि घासाघीस केली, उरले. घासाघीस मला छान येते, हे मला या वयात कळलं. उरलेले पैसे मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालायचो. पिशवी धुऊन, वाळवून, चारदा दुमडून, वर रबर. ते पुडकं मी तांदळाच्या कोठीत तळाशी खुपसून ठेवलं.

ही कोठी आईची. स्टीलची, गुडघ्याएवढी, झाकणाला पोचा आलेला. आईसुद्धा घरखर्चातून वाचवलेले पैसे हिच्यातच ठेवायची. लहानपणी एकदा मी तिला कोपरापर्यंत हात तांदळात घालून काहीतरी चाचपताना पाहिलं होतं, आणि तिने मला डोळ्यांनीच दटावलं होतं. बाबांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला कधी कळलं नाही. आता माझाच हात कोपरापर्यंत तांदळात जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगायचो.

मी ते कशासाठी साठवत होतो? मार्चसाठी. बायकोचा करार पुढे गेला नाही, तर नव्या वर्गाची फी त्या पुडक्यातून द्यायची, एवढं पक्कं होतं. पण मग लपवायचं कशाला? तिच्याच पगारातले पैसे, तिच्याच मुलीच्या फीसाठी, तिच्यापासून लपवून ठेवायचे. यात अक्कल कुठे आहे ते मला आजही कळलेलं नाही. सांगितलं तर ते परत 'आपले' होतील आणि गॅसमध्ये, भाड्यात विरून जातील, अशी भीती होती. आणि खरं सांगायचं तर, त्या घरात जरा काही माझं आहे असं ते एकच पुडकं होतं.

मग छेरछेरा आला.

पौष पुनवेला छत्तीसगडात हा सण असतो. शेतातलं धान, म्हणजे सालासकटचा भात, घरात आलेलं असतं. पोरं पिशव्या घेऊन 'छेरछेरा' असं ओरडत दारोदार फिरतात, आणि दारात आलेल्याला धान किंवा तांदूळ द्यायचेच असतात, कोणालाही रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. मागणारा गरीब आणि देणारा श्रीमंत, असा त्यात भाग नाही. मालकाची पोरं मागतात, गड्याचीही मागतात. पण आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या घरांचं जरा वेगळं. आजोबा नोकरीसाठी इकडे आले, बाबा इथेच निवृत्त झाले, मी जन्मलो इथे. तरी आमच्याकडे छेरछेरा फक्त दिला जायचा. मागायला कोणी जात नसे. "आपण नोकरीवाले लोक. आपण कोणाच्या दारी झोळी नाही नेत," आई म्हणायची. पाऱ्यातली सगळी पोरं ओरडत गल्लीतून जायची आणि मी दारात परात धरून उभा असायचो. किती राग यायचा मला तेव्हा!

त्या दिवशी मुलीच्या शाळेला सुट्टी होती. बायकोच्या ऑफिसात मात्र कसलीशी फाईल निघायची होती आणि संविदावाल्यांना बोलावलं होतं. जाताना ती म्हणाली, "आज कराराचं काही कळन बहुतेक." मी कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेलो आणि मुलीला सांगून गेलो, की कोणी आलं तर कोठीतले वाटीभर तांदूळ दे. वाटी झाकणावर काढून ठेवली होती.

गच्चीवर ऊन छान होतं. मी कपडे वाळत घातले आणि तिथेच जरा टेकलो. करार झाला नाही तर काय, झाला तर पुढच्या मार्चमध्ये काय, मी परत कुठे नोकरी शोधावी का, मला आता कोण घेणार, आणि घेतलं तर पोरीला शाळेतून कोण आणणार, असं सगळं एकमेकांत गुंतत गेलं. खालून पोरांचा गलका ऐकू येत होता. मी खाली आलो तेव्हा मुलगी दारात ऐटीत उभी होती, आणि तिच्या हातात वाटी नव्हती, माझं भाताचं पातेलं होतं.

"पापा, मैंने सबको खूब सारा दिया," ती म्हणाली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीच.

"वाटीनं द्यायले सांगितलं होतं ना तुले?"

"वाटी छोटी थी ना."

मी कोठीचं झाकण उघडलं. तळ दिसत होता. मी तरी हात घातला, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवला, मग कोठीच आडवी केली. थोडे तांदूळ लादीवर घरंगळले. पुडकं नव्हतं. पांढरी पिशवी, पांढरे तांदूळ. पातेल्यात गेलं आणि कोणाच्या तरी झोळीत पडलं, आणि पोरीला कळलंही नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ती गत. मी महिनोन् महिने दळलं होतं.

पोरीवर ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती इतकी खूश होती, की मी तसाच थांबलो. ओरडून सांगणार तरी काय होतो? की त्यात पैसे होते? मग संध्याकाळी ती पहिलं काय सांगेल आईला?

"पोट्टे कुठे गेले?" मी विचारलं.

"आगे गए. चलो ना पापा, मैं भी जाऊँगी!"

मी चप्पल घातली. दाराजवळच्या खुंटीवरची भाजीची पिशवी सवयीने हातात आली. घराबाहेर पडताना पिशवी घ्यायची, हे आता माझ्या हातालाच कळतं. त्या पिशवीनेच सगळा घोळ केला. पुढच्या गल्लीतल्या पहिल्याच दारात मी पोरांची चौकशी करायला थांबलो, आणि माझ्या मागून पोरीने खणखणीत आवाजात हाक दिली, "छेरछेरा!"

दार उघडलं. शाळेच्या फाटकाशी रोज भेटणारी एका मुलाची आई होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "अरे भैया, आप भी निकले हैं? अच्छा है," म्हणाली आणि आत जाऊन सूपभर तांदूळ घेऊन आली. "नाही, मी फक्त..." मी मराठीत सुरू झालो, मग हिंदीत, तोवर तांदूळ पिशवीत पडलेही होते. नाही म्हणायचं नसतं. दिलेलं परत करायचंही नसतं. माझे कान तापले. आई वरून बघत असेल तर काय म्हणेल, हेच डोक्यात.

मी पुढे चालत होतो तो पोरांना गाठायला. पण प्रत्येक दारापाशी पोरगी ओरडायची आणि प्रत्येक दार उघडायचं. किराणावाल्याने गल्ल्यावरून उठून ओंजळभर तांदूळ घातले आणि पोरीच्या हातावर नाणं ठेवलं. हाच मला रोज विचारायचा, "भैया, आजकल घर पे ही?" आज त्याने काहीच विचारलं नाही. पुढे एका घराच्या ओसरीवर अभनपूरच्या शेतातून आलेलं धान पोत्यांनी रचलेलं होतं, आणि त्याला टेकून एक म्हातारेबुवा ऊन खात बसले होते. मी पिशवी पाठीमागे धरून उभा राहिलो. त्यांनी ते पाहिलं.

"मांगे म का के लाज?" ते म्हणाले. "आज तो मालिक घलो मांगथे." मागायची कसली लाज, आज तर मालकही मागतो, असं सांगून त्यांनी पिशवी माझ्या पाठीमागून स्वतःच पुढे ओढली आणि तिच्यात धान ओतलं.

मला रडू येईल असं वाटलं, आणि हसूही. पैसे गेले होते, मार्च तोंडावर होता, आणि मी चाळिशीचा बाप्या लेकीचा हात धरून दारोदार फिरत होतो; आणि तरी मला बरं वाटत होतं. का वाटत होतं? माझं मलाच कळेना. कोणी विचारत नव्हतं, की तू काय करतोस. दारात उभा आहेस ना, मग घे, एवढंच.

पोरं देवळाजवळच्या चौकात भेटली. झोळ्या मध्ये ठेवून आपापसांत वाद चालला होता. मी शक्य तेवढ्या सहज आवाजात म्हणालो, की जरा पिशव्या बघायच्या आहेत. एका पोरीने आपली झोळी पोटाशी आवळली. "दिया हुआ वापस नहीं लेते अंकल." मी म्हणालो, घ्यायचे नाहीत, नुसता हात घालून बघायचा आहे. सगळी पोरं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघत होती. तरी त्यांनी बघू दिलं. मी एकेका झोळीत हात घातला, आणि माझी लेक शेजारी उभी राहून विचारत राहिली, "क्या ढूँढ रहे हो पापा?" काही सापडलं नाही.

"एक और थी," त्यांच्यातली मोठी म्हणाली. "उसका थैला भर गया तो घर चली गई."

ती म्हणजे आमच्या समोरच्या दाईची नात. दाई ही आमच्या दारासमोर राहणारी छत्तीसगडी म्हातारी; इकडे दाई म्हणजे आई, आणि सगळा पारा तिला दाईच म्हणतो. पोरं निघाली तीच तिच्या दारातून, आणि त्यांचं पहिलं घर आमचं. म्हणजे आमचे तांदूळ तिच्या झोळीच्या तळाशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी सगळा पारा पालथा घातला होता आणि पुडकं माझ्या दारासमोर होतं. मी पोरीला जवळजवळ ओढतच परत आलो. पिशवी चांगली जड झाली होती आणि हाताला रुतत होती.

दाईच्या दारात जायची वेळच आली नाही. आमच्याच दारात बायकोच्या चपला होत्या. ती लवकर आली होती. आत स्वयंपाकघरात, उघड्या कोठीजवळ ती जमिनीवर बसली होती, आणि मांडीवर ते पुडकं होतं. रबरसुद्धा काढलेलं नव्हतं.

"दाईनं आणून दिलं," ती म्हणाली. "तिच्या नातीच्या झोळीत निघालं."

मी पिशवी खाली ठेवली. चिडूनच बोललो. "फीसाठी होते. मार्चसाठी. मी काही कुठे उधळले नाहीत."

"मी काही म्हटलं का तुम्हाले?"

तेच वाक्य. पण ती या वेळी हसत नव्हती. मी विचारलं, तुला धक्का नाही बसला? तुला ठाऊक होतं की काय?

"ठाऊक नव्हतं. अंदाज होता." ती म्हणाली. "लग्न होऊन आले ना, तवाच तुमच्या आईनं मले सांगितलं होतं, का या कोठीत हात खोल नाही घालायचा. वरून वरून तांदूळ घ्यायचे. ज्याच्या हाती घर, त्याची कोठी. त्या होत्या तोवर मी कधी खोल हात नाही घातला. मग घर तुमच्या हाती आलं. मग काहून घालू?"

मला आठवलं. रविवारी ती स्वयंपाक करायची, तेव्हा तांदूळ मलाच काढून द्यायला सांगायची. मला वाटायचं, आळस. कितीदा तरी मी त्यावरून तिला टोमणाही मारला होता. आईने हे तिला सांगितलं आणि मला नाही सांगितलं. मला सांगायची वेळ येईल असं आईला वाटलंच नसणार.

"पण पैसे तर तुझेच आहेत," मी म्हणालो.

"मले नाही माहीत कोणाचे आहेत," ती म्हणाली. "करार बी नाही झाला अजून. फाईल पुढच्या आठवड्यात म्हणतात." आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा मला दिसलं, की ती सकाळपासून ऑफिसात काय घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ बसलो. तिचा हात धरला. मला तिची इतकी माया आली, पण म्हटलं ते हे, की चहा टाकतो.

तोवर पोरीने आमची पिशवी ओढत कोठीपाशी आणली होती. "मम्मी, देखो, पापा और मैं छेरछेरा माँग के लाए!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? मागायले गेलते?"

"हव," मी म्हणालो.

ती डोळे पुसता पुसता हसायला लागली. मग उठली, पुडकं माझ्या हातात दिलं, आणि पोरीलाही खांद्याला धरून फिरवलं. दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"ठेवा," ती म्हणाली. "आम्ही पाहून नाही राहिलो."

मी पुडकं कोठीच्या तळाशी ठेवलं आणि वरून पाऱ्याचे तांदूळ ओतले. त्यात थोडं धानही होतं, ते निवडावं लागणार होतं. झाकण लावल्याचा आवाज होईपर्यंत त्या दोघी तशाच पाठ करून उभ्या होत्या.